आत्याचे अकरा थांबे

माझ्या आत्याला तळ्याच्या ऑफिसात सगळे रेडिओ म्हणतात. ज्वालामुखीच्या तोंडात साचलेल्या त्या तळ्याभोवती ती सव्वीस वर्षं लोकांना फिरवतेय, आणि इतक्या वर्षांत तिच्या तोंडाचा पट्टा थांबला तो फक्त चढावर, दम खाण्यापुरता. उरलेलं ती घरी येऊन आम्हाला ऐकवते. त्यामुळे स्वरयंत्रावर गाठी आल्यात, सहा महिने एक शब्द बोलायचा नाही, असं घशाच्या डॉक्टरांनी बजावलं तेव्हा तिचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे बाबा, अतिशय गंभीर चेहऱ्याने खिडकीबाहेर बघत राहिले. हसू दाबत होते, दुसरं काही नाही.

आत्याला मात्र हसण्यासारखं काहीच नव्हतं. ऑफिसातल्या साहेबांनी तोडगा काढला होता. वाटेवर आकडे घातलेले खांब रोवायचे, कुठल्या खांबापाशी काय बघायचं ते एका कागदावर छापायचं, आणि लोकांनी आपलं आपण फिरून यायचं. कागद अर्थातच आत्याने लिहायचा. पण लोक न थांबता नुसतीच फेरी मारून यायला लागले, तर खालची वाट बंद करून टाकू आणि वरच्या कठड्यावरूनच तळं दाखवू, असंही ते म्हणाले. त्या दिवशी आत्याने वहीत एकच ओळ लिहून माझ्या नाकासमोर धरली: मी नसताना लोक थांबतील का?

मी औषधाच्या दुकानात काम करते. गोळ्यांच्या खोक्यातल्या घडीच्या कागदाचं लोक काय करतात ते मी रोज बघते, आणि ते मी तिला सांगूनही टाकलं. तिचा चेहरा इतका उतरला की मलाच अपराधी वाटलं. म्हणून मग कागद टाइप करायचं काम मी अंगावर घेतलं.

पहिला खर्डा एकोणसाठ पानांचा झाला. साहेबांनी दिला होता एक कागद, दोन्ही बाजूंनी. मी एकेक ओळ खोडत गेले आणि ती प्रत्येक ओळीसाठी माझ्याशी भांडली, वहीत, मोठ्या अक्षरांत, खाली दोन-दोन रेघा मारून. तीन आठवड्यांनी आम्ही अकरा थांब्यांवर आलो. तोवर वाटेवर खांबही रोवून झाले होते.

रविवारी बाबा आणि मी तो कागद घेऊन परीक्षेला निघालो. आत्या मुद्दामच फाटकापाशी बसून राहिली. तिसऱ्या खांबावर कागद म्हणाला, ‘हा बघा, याच्या पोटात भोकं आहेत. आता हा उचला.’ बाबांनी समोरच्या झाडाच्या बुंध्याकडे बघितलं आणि त्यांचा धीर सुटला. पाचव्या खांबाशी कागदात लिहिलं होतं, ‘तिकडे दिसतंय ना, त्याच्या अलीकडचं.’ बाबा स्वतःभोवती दोनदा फिरले. कशाच्या अलीकडचं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सव्वीस वर्षं अर्धं वाक्य तिचं तोंड बोलत होतं आणि उरलेलं अर्धं तिचं बोट.

परत आल्यावर बाबा म्हणाले, “ताई, कागदाला हात नसतात गं.”

आत्या रुसली. पण ती तशीही बोलत नव्हती, त्यामुळे ती रुसली आहे हे आमच्या लक्षात यायलाच दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि डावा हात कोटाच्या खिशात कोंबून, उजव्यात फक्त पेन धरून, एकटीच तळ्यावर गेली. संध्याकाळी वहीत नवा तिसरा थांबा होता: ‘खांबाला पाठ लावून उभे राहा. डाव्या पायाशी करडे दगड आहेत. एक उचला. वाटला होता त्यापेक्षा हलका आहे. ज्वालामुखीतून तो फेसासारखा उसळला आणि फेस असतानाच गोठला. पाण्यात टाका. तो बुडत नाही.’ मी एकही शब्द खोडला नाही.

कागद छापून आले. पहिल्या सकाळी आम्ही दोघी अनोळखी असल्यासारख्या वाटेवर घुटमळत होतो. आधी एक जोडपं आलं. त्यांनी कागद घेतला आणि त्याने वारा घेत ते निघून गेले. आत्याकडे बघवेना. मग काठी टेकत एक आजी एकट्याच आल्या. तिसऱ्या खांबाशी त्यांनी चष्मा लावला, वाचलं, खांबाला पाठ लावली, खाली वाकून दगड उचलला आणि पाण्यात टाकला. दगड तरंगत लांब जाईपर्यंत त्या बघत उभ्या राहिल्या. आत्याने माझं मनगट इतकं आवळलं की बोटांचे वळ उठले.

आमचे हात रिकामे बघून आजींनी हाक मारली, “तुम्हाला कागद मिळाला नाही का? या, माझ्यात बघा.”

मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात आत्याने माझ्या पायावर पाय दिला. पुढचे आठ थांबे आजींनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवले. काठावर जिथे पाणी कोमट लागतं तिथे त्यांनी आत्याचा हात धरून स्वतः पाण्यात बुडवला, लागतंय ना गरम, असं तीनदा विचारलं, आणि आत्या तीनदा मान हलवत राहिली. नवव्या आणि दहाव्या खांबाच्या मधे, जिथे कागदात काहीच नाही, तिथे त्या आपणहून थांबल्या. लव्हाळ्यातून बदकापेक्षा लहान अशी एक टिबुकली पोहत चालली होती, पाठीवर दोन पिल्लं घेऊन. आत्याने हे कधी बघितलं नव्हतं. लोकांकडे तोंड करून बोलणाऱ्या बाईची पाठ कायम तळ्याकडेच असणार.

फाटकाशी आजींनी कागदाची घडी करून पर्समध्ये नीट ठेवली. लिहिणारा माणूस फार मोजकं बोलणारा असणार, असं त्या म्हणाल्या. मला ठसकाच लागला. आत्याचे डोळे मात्र भरून आले होते. ती पुढे झाली, आजींचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि फाटक्या, खरखरीत आवाजात म्हणाली,

“छान सांगता तुम्ही.”

चार महिन्यांतलं तिचं ते पहिलं वाक्य होतं.