टायरमधली हवा मी का सोडली

आमच्या घरात एक हकिकत सांगितली जाते. नातीला डोंगरातल्या शर्यतीसाठी सायकल विमानाने लेहला न्यायची होती. आदल्या दिवशी आबांनी, म्हणजे मी, टायरमधली सगळी हवा सोडून दिली, कारण बिचाऱ्यांना बिनट्यूबच्या टायरचे काही ठाऊक नव्हते. सांगणारा माझा धाकटा भाऊ. तो ती हसत सांगतो, मायेने सांगतो, आणि ती साफ खोटी आहे.

मला ठाऊक होते. जालना रस्त्यावर माझे सायकलचे दुकान होते. दुष्काळाच्या वर्षांत लोक हंडे घेऊन टँकरमागे धावत असताना, ट्यूब बुडवून पंक्चर शोधायला टपभर पाणी मागण्याची मला लाज वाटे. म्हणून मी ट्यूब गालाशी धरायला शिकलो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातली हवाही माझ्या गालाला कळे. करमाडहून माणसे सायकली घेऊन माझ्याकडे येत. पुढे शहर वाढले, रस्ता रुंद झाला, दुकान त्यात गेले. भाऊ त्या काळात वाळूजच्या कारखान्यात होता. कंपनीच्या बसने जाई, बसने येई. त्याने जन्मात एक पंक्चर काढलेले नाही.

निवृत्तीनंतर मात्र तो मोबाइलवर सायकलींचे व्हिडिओ पाहू लागला. नात वेरूळच्या घाटात सराव करून परतली की सायकल माझ्या दारात न लावता शेजारी त्याच्या दारात लावू लागली. मी खिडकीतून पाहत असे. दोघांची डोकी एका चाकावर वाकलेली दिसत, आणि मला चहा कडू लागे.

त्या दिवशी अंगणात सायकल भरायचे खोके उघडून आम्ही तिघे बसलो होतो.

"दादा, हवा सगळी सोडू नको बरं," भाऊ म्हणाला. "थोडी राहू दे. ह्यात ट्यूब नाय. टायरची कड रिममधून सुटली तर आतलं छिद्रं बुजवणारं सीलंट सांडतं, अन् कड हातपंपानं परत बसत नाय."

"मला शिकवतोस व्हय?"

"शिकवत नाय रे. विमानवाले हवा काढा म्हणतात, म्हणजे कमी करा."

"आबा, धाकट्या आबांचं ऐका ना," नात म्हणाली.

या एका वाक्यासाठी मी पुढचे सगळे केले. भाऊ दोरी आणायला आत गेला, नात पाठमोरी होऊन सामान खोक्यात लावत होती. मी व्हॉल्व्ह दाबून शेवटपर्यंत हवा सोडली. तेवढ्याने कड सुटली नसती. ती मी दोन्ही अंगठ्यांनी दाबून सोडवली. दुधासारखे पांढरे सीलंट फरशीवर पसरले. तिच्यासमोर ती कड माझ्या जुन्या पंपाने परत बसवून दाखवायची, एवढाच माझा बेत होता.

कड बसली नाही. तिला हवेचा एकदम जोराचा झोत लागतो. माझा दम संपला, नात रडवेली झाली. भाऊ बाहेर आला. त्याने फरशीकडे पाहिले, माझ्या पांढऱ्या झालेल्या अंगठ्यांकडे पाहिले. चाक आणि सीलंटची बाटली स्कूटरवर घेऊन तो कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजात गेला आणि अर्ध्या तासात घट्ट टायर घेऊन परतला.

"दादाला ह्या नव्या टायरचं काय ठाऊक असणार, बेटा," तो तिला म्हणाला.

त्याने माझ्यावर पांघरूण घातले. त्याला सगळे कळले होते, हे मी शपथेवर सांगतो. मत्सरी म्हणवून घेणे मला परवडेल. अडाणी म्हणवून घेणे परवडणार नाही, आणि तेही त्याच्या कृपेने!

नात शर्यतीहून परतल्यावर मी तिला खरे सांगितले.

"म्हणजे माझी शर्यत बुडाली असती तरी चाललं असतं तुम्हाला?"

मी फरशीवरचा सीलंटचा वाळलेला डाग नखाने खरवडू लागलो.

"पुढच्या वेळी टायर तुम्हीच बघायचे," ती शेवटी म्हणाली. "पण धाकट्या आबांसमोर."

"अन् तो मधे बोलला तर?"

"बोलतीलच. तुम्ही ऐकायचं."

गेल्या महिन्यात ती पुन्हा शर्यतीला निघाली. मी हवा कमी केली, कड धरून राहील एवढी ठेवली, व्हॉल्व्ह गालाशी धरून पाहिला. भाऊ हात मागे बांधून उभा होता.

"बरोबर हाय, दादा," तो म्हणाला.

त्याचे ते प्रमाणपत्रही मला झोंबले. जुनी हकिकत तो लग्नकार्यात अजून तशीच सांगतो, म्हणून हे लिहून ठेवले.