सुमाक्काचा निळा गुच्छ

मरोळच्या कारखान्यात मला कधी कुणाचा फोन येत नाही. त्यामुळे गेल्या महिन्यात सुपरवायझरने हाक मारली, तेव्हा हातातलं काम तसंच टाकून धावलो. मुलुंडहून सुमाक्काच्या शेजारच्या कदमकाकू बोलत होत्या. "झाडांना पाणी घालता घालता बसल्या, त्या उठल्याच नाहीत..."

सुमाक्का माझी थोरली बहीण, शाळेत शिक्षिका. भावोजी गेल्यावर तळमजल्याच्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. ब्याऐंशी साली शाळेच्या सहलीबरोबर महाबळेश्वरला गेली आणि तिथल्या एका माळ्याकडून हायड्रेंजिया या फुलझाडाच्या तीन फांद्या घेऊन आली. एक गोल निळ्या गुच्छाचा, एक चपट्या फुलांचा, एक पांढरा. "अक्का, आपल्या हवेत हे जगायचे नाहीत," मी म्हटलं. "बघू ना," ती म्हणाली. इमारतीमागच्या सावलीत तिने कुंड्या मांडल्या, दुपारच्या झळा लागू नयेत म्हणून ओलं गोणपाट बांधलं. पांढरा पहिल्याच उन्हाळ्यात गेला. चपट्याला नुसती पानं. गोल तिसऱ्या वर्षी फुलला, पण गुलाबी. भिंतीचा चुना मातीत उतरला होता, आणि चुन्याने निळ्याचा गुलाबी होतो. मग ती पाण्यात तुरटी विरघळवून घालू लागली. तरी दोन वर्षं गुलाबीच.

मागच्या वर्षी मी तिला म्हटलं, आता घाटकोपरला आमच्याकडे ये. "तुझ्या गॅलरीत दिवसभर ऊन असतं रे," ती म्हणाली. झाडांपायी सख्ख्या भावाला नाही म्हणते, याचा मला राग आला. सात महिने मी मुलुंडला फिरकलो नाही. मग तिचं कार्ड आलं: ‘निळा आलाय. बघायला ये.’ तरी मी पंधरा दिवस लावले. गेलो तेव्हा गुच्छ हिरवट पडून कागदासारखा वाळला होता.

"कसा होता गं निळा?" मी विचारलं.

तिने वाळका गुच्छ बोटांनी फिरवून पाहिला. "एकटीनंच बघितला ना... आता नीट सांगता येत नाही."

मी चहा घेतला आणि निघालो. तीच आमची शेवटची भेट.

आता रविवारी मी जातो, कुंड्यांना पाणी घालतो, खोलीत येऊन बसतो. तिच्याकडे खुर्ची एकच, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी खुर्चीत बसायचो, ती उंबऱ्यात. परवा मी उंबऱ्यात बसून पाहिलं. तिथून सोसायटीचं फाटक अगदी समोर दिसतं, आत येणारा प्रत्येक माणूस दिसतो.