एका धोतरावरच्या भाकरी

पार्टीत थोडी वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. हसू येतं म्हणून सांगायला बसतो आणि निम्म्यात आपलीच मान खाली जाते!

जतच्या पूर्वेला आमच्या गावात लाल बावट्याचं राज्य होतं. ग्रामपंचायत आमची, सोसायटीही आमची. विरोधक उरलेच नाहीत, तेव्हा आमच्यातच जुंपली. एका बाजूला गावकमिटीचे जुने सेक्रेटरी दादा, दुसऱ्या बाजूला हायस्कूलचे सर. भांडण एवढंच, की पुढचा सेक्रेटरी कोण!

याच दादांनी एक प्रथा पाडली होती. मीटिंगला प्रत्येकानं घरची भाकरी आणायची, सगळ्या एका धोतरावर ओतून मिसळायच्या आणि हाताला येईल ती खायची. मराठ्याची कुठली, धनगराची कुठली, बौद्धवाड्यातली कुठली, कळायचं नाही. आमच्या हातून क्रांती झाली असेल तर तेवढीच.

* * *

मॉस्कोतला लाल झेंडा उतरल्याची बातमी रेडिओवर आली. सगळे सुन्न. दादा रेडिओ बंद करून म्हणाले, "तितं बी आपल्या सरांसारकं कुणीतरी घुसलं असणार!"

सर कशाला ऐकतात! "नाही दादा, तिथंही कुणी खुर्ची सोडत नव्हतं!"

एवढा मोठा देश मोडला, आणि आम्ही त्यावर गावकीतलं भांडण भांडत होतो.

* * *

पार्टीत आत्मटीकेचा नियम. आधी आपली चूक आपण सांगायची. दादा उठले, "माजी चूक एकच. सरास्नी पार्टीत म्या घेतलं."

सर उठले, "माझीही एकच. मी आलो!"

टाळ्या दोन्हीकडून पडल्या. आत्मटीका संपली.

* * *

उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला. आधी कुणाच्या वस्तीवर न्यायचा यावरून दोन्ही गटांनी तो रस्त्यातच अडवला. घोषणा सुरू! ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला. बिराप्पा धनगर घागर घेऊन उभा होता. शेवटी म्हणाला, "आवं कॉम्रेड, माजी मेंढरं कुटल्या गटात घालू? त्यास्नी तान लागलीया."

घोषणा थांबल्या. मला तर कुठं बघावं कळेना.

* * *

मग मीटिंगला दोन धोतरं पसरू लागली. बौद्धवाड्यातल्या पारूमावशी दादांच्या बरोबरीनं मोर्च्यात चाललेल्या. त्यांनी निम्म्या भाकरी इकडं ठेवल्या, निम्म्या तिकडं. "मला दोनी सारकीच," म्हणाल्या. पुढं एकमेकांच्या भाकरीवरही विश्वास राहिला नाही. धोतरं गेली, जो तो आपला डबा आणू लागला.

* * *

अखेर जिल्ह्याचे पुढारी आले आणि समेट झाला. दादा सेक्रेटरी, सर सरपंच. दोघांनी गळाभेट घेतली, "एकजुटीचा विजय असो!" झालं.

जेवायची वेळ झाली. पारूमावशींनी पिशवीतून ते जुनं धोतर काढलं, मधोमध पसरलं, त्यावर आपल्या भाकरी ठेवल्या आणि वाट बघत बसल्या.

दादांनी डबा उघडला. सरांनी उघडला. माझाही उघडून झाला होता.

मावशींनी सगळ्यांकडं एकदा बघितलं, एक भाकरी मोडली आणि म्हणाल्या, "खावा रं. आज कुणाच्या त्या वळखायला लय सोप्या हायत्या."