राखीव डोळा

माझ्या सासऱ्यांइतका प्रामाणिक डोळा अख्ख्या दक्षिण गोलार्धात दुसरा नसेल, आणि त्या डोळ्यावरचा त्यांचा भरवसा मी घालवला. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, कारण ते तिचे बाबा आहेत.

पुण्याहून ते दर वर्षी इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या थंडीत, आमच्याकडे हेन्डरसनला येतात ते लेकीसाठी, असं लेकीला वाटतं. खरं तर ते येतात आकाशासाठी. पहिल्या मुक्कामात इथला चंद्र पाहिला आणि भाडेकरूनं घरमालकाकडे यावं तसे ते माझ्याकडे आले. "अहो, चंद्र उलटा लावलाय इथं!" मग तो सुलटा दिसावा म्हणून लॉनवर ओणवे होऊन दोन पायांच्या मधून बघू लागले. कुंपणापलीकडून शेजाऱ्यानं घाबरून विचारलं, "यू ऑलराइट, मेट?" सासरे तसेच ओणव्यानं म्हणाले, "मून इज अपसाइड डाउन." "नो मेट, यू आर." तेव्हापासून दोघांची घट्ट मैत्री आहे.

दुर्बिणीला लावायचा उजवा डोळा अंधाराला सरावलेला हवा म्हणून ते दुपारपासूनच त्यावर काळी पट्टी बांधतात आणि तशाच अवतारात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जातात. डेअरीवाल्यानं काळजीनं विचारलं, "अंकल, ऑपरेशन?" तर म्हणाले, "छे हो, राखीव ठेवलाय." पांढऱ्या उजेडानं हा राखीव डोळा बिघडू नये म्हणून एकदा त्यांनी फ्रिजच्या दिव्याला लाल जिलेटिनचा कागद चिकटवला. "बाबा, कोथिंबीर काळी दिसतेय!" बायको ओरडली. "मग ती काळीच काढायची," ते शांतपणे म्हणाले. कारण ते फोटो काढत नाहीत, पेन्सिलीनं चित्र काढतात, आणि त्यांचा नियम एकच: दिसलं तेवढंच काढायचं, माहीत आहे ते नाही. आमच्या मांजराचं त्यांनी काढलेलं चित्र तीन पायांचं आहे. चौथा त्या वेळी दिसत नव्हता.

त्यांच्या नादानं मीही पेन्सिल धरली. पद्धत अशी की दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, मान वळवून आकाश बघायचं, पण एकमेकांच्या कागदाकडे नाही. दोघांचं झालं की मगच कागद शेजारी ठेवायचे. माझा कागद बघून ते दर वेळी म्हणत, "जावईबापू, हे तुम्हाला माहीत आहे. दिसलेलं नाही." आयटीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे बरोबर कळतं आणि बरोबर लागतं.

मग तो धूमकेतू आला. दक्षिणेकडूनच नीट दिसणारा, सूर्य मावळला की पश्चिमेला. आम्ही दुर्बीण, थर्मास आणि बायकोनं दिलेले मेथीचे पराठे घेऊन काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर गेलो. समुद्रावर केशरी उजेड होता आणि त्यात तो, एक टपोरा ठिपका, वर बोटभर धूसर रेघ. बस. सासरे लहान मुलासारखे हसले, पट्टी काढली आणि कापसाच्या बोळ्यानं शिसं पसरवत कामाला लागले. त्यांच्या पाठीमागे मी फोन उघडला. आकाश बघणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी त्या संध्याकाळचाच फोटो टाकला होता: मोराच्या पिसासारखं लांब, वळलेलं शेपूट. कॅमेरा उजेड साठवत बसतो, डोळ्याला ते जमत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी ते शेपूट मी हुबेहूब कागदावर उतरवलं. एकदा तरी "छान" ऐकायचं होतं.

कागद शेजारी ठेवले. त्यांनी माझ्या कागदाकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, दुर्बीण लावली, पुसली, पुन्हा लावली. मला वाटलं, आता पकडणार. पण ज्यानं जन्मात न दिसलेली रेघ काढली नाही, त्याच्या मनात तसली शंका येणार कुठून? "छान," ते म्हणाले. "छान दिसलंय तुम्हाला. माझे गेले वाटतं डोळे." आणि मला आग्रहानं अख्खा पराठा वाढला. मी तो खाल्ला.

बायकोनं त्यांना डोळे तपासायला नेलं. तिथली मुलगी म्हणाली, वयाच्या मानानं उत्तम आहेत. "तिनं अक्षरं दाखवली," सासरे म्हणाले, "शेपूट कुठं दाखवलं?" ते दुःखी वगैरे नाहीत. टोमॅटो लावतात, शेजाऱ्याला चहात आलं घालायला शिकवतात. फक्त पेन्सिल धरत नाहीत. संध्याकाळी डेकवर खुर्ची टाकून मला शेजारी बसवतात आणि विचारतात, "सांगा, आज काय दिसतंय तुम्हाला?" आणि मी सांगतो. आता मात्र दिसतं तेवढंच सांगतो, आणि त्यांना ते फार थोडं वाटतं.

त्या संध्याकाळी मला शेपूट दिसलं नव्हतं. त्यांनी काढलं तेवढंच मलाही दिसलं होतं. हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं अजून बाकी आहे.