अनंतावर लावलेला फोकस

आकाशातून उतरणाऱ्या माणसाचा फोटो काढणं ही योगसाधना आहे, असं माझे मामा सांगत. कोल्हापुरात त्यांचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ होता. सत्तरच्या दशकात गावाबाहेरच्या मैदानावर जवान पॅराशूटनं उड्या मारणार, असं ठरलं. फोटो चांगला आला तर वर्तमानपत्र तो मामांच्या नावासह छापणार होतं. त्यासाठी मामांनी हातभर लांब टेलिलेन्स उसनी आणली. आकाश लांबच असतं, म्हणून फोकस अनंतावर नेला आणि लेन्सचं कडं हलू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली.

मी विचारलं, "मामा, जवान जवळच उतरला तर?"

"त्यो काय आपल्याकडं जेवायला येणार हाय व्हय?"

वाऱ्यानं एक जवान नेमका आमच्याच अंगावर आणला. मामी ओरडल्या, "अवो, ती पट्टी काढा की!" मामा नखानं पट्टी खरवडत राहिले, आणि शेवटी तसंच बटण दाबलं.

फोटोत जवानाच्या जागी पांढरा ढग होता. मागच्या साखर कारखान्याची चिमणी मात्र लख्ख आली होती. वर्तमानपत्रानं ढग कापून टाकला आणि फोटो मामांच्या नावासह छापला, गळीत हंगामाच्या बातमीला.