थांब, त्याला उठू दे

“शुभांगी, टेकड्यांवरचे चारही रेडिओ गेलेत,” क्रेग म्हणाला. “आणि या वेळी परत येत नाहीयेत.”

क्रेग माझा मॅनेजर. आग लागली तरी कॉफी संपवून उठणारा माणूस, पण त्या दिवशी माझ्या डेस्कपाशी धावत आला. ऑक्टोबरातली मंगळवारची दुपार होती. इथे ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्य भागात जोराचं वादळ होऊन गेलं होतं. तिकडची वीज गेली आणि थोड्या वेळाने परत आली. हे तिथे नेहमीचंच. वीज गेली की टॉवरवरचे रेडिओ बंद पडतात आणि आली की आपोआप सुरू होतात. या वेळीही ते सुरू झाले, मिनिटभर जिवंत दिसले आणि मग ठप्प.

हे रेडिओ म्हणजे बिनतारी सिग्नल पोचवणारी यंत्रं, त्यांच्यावर गावाकडच्या छोट्या हॉस्पिटलांचे फोन चालतात. टेक्निशियनला एकेका टेकडीवर गाडीने जाऊन हाताने स्विच बंद-चालू करावा लागला. चौथा रेडिओ उठेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तोवर एका हॉस्पिटलातली नर्स मोबाईलला रेंज मिळावी म्हणून हायवेपर्यंत गाडी नेऊन डॉक्टरला फोन करत होती. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, हे नशीब.

चूक माझी होती. आदल्या शनिवारीच मी नवा कोड चढवला होता, त्यामुळे कुणी बोट दाखवायच्या आधीच मला ते कळलं.

मी मेलबर्नमधल्या एका कंपनीत नेटवर्क मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर सांभाळते. म्हणजे काय, तर दूरदूर पसरलेली यंत्रं असतात, राउटर, स्विच, रेडिओ. आमच्या लिनक्स सर्व्हरवर एक प्रोग्राम सतत चालू असतो. तो प्रत्येक यंत्राला दर मिनिटाला विचारतो, आहेस का, बरा आहेस का. उत्तर आलं नाही की आम्हाला मेल पाठवतो. एवढंच काम, पण ते चोवीस तास चुकता कामा नये.

हा प्रोग्राम वीसेक वर्षांपूर्वी एकाच माणसाने लिहिला होता, लॉरेन्स परेरा यांनी. ते मूळचे वसईचे, इथे मेलबर्नमध्ये क्रेगीबर्नला राहायचे. ऑफिसात सगळे त्यांना लॉरी म्हणत. मीटिंगमध्ये मीही ‘लॉरी, हे असं का केलंस’ म्हणून वाद घालायचे. पण दोघंच असलो आणि मराठी सुरू झालं, की माझ्या तोंडून आपोआप ‘लॉरेन्सकाका’ आणि ‘तुम्ही’ यायचं. वयाने सतरा वर्षांनी मोठे. मी डोंबिवलीची, तोंडाने फटकळ, पण वडीलधाऱ्यांपुढे जीभ आवरायची सवय हाडीमाशी भिनलेली.

त्यांचा प्रोग्राम आता जुना झाला होता. तो ज्या सर्व्हरवर चालायचा, तो सुरक्षेच्या नियमांमुळे डिसेंबरअखेर बंद करावा लागणार होता. त्याआधी सगळा कोड रिफॅक्टर करायचा होता. रिफॅक्टरिंग म्हणजे घरात राहता राहता घराची सगळी पाइपलाइन बदलणं. बाहेरून नळ तोच दिसला पाहिजे, पाणी तसंच आलं पाहिजे, आतलं मात्र सगळं नवं. हे काम आम्ही दोघांनी मिळून करायचं ठरलं होतं.

जुलैमध्ये काकांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. हँडओव्हरला, म्हणजे काम माझ्या हाती सोपवायला, जेमतेम तीन दिवस मिळाले. तिसऱ्या दिवशी टेबल आवरताना ते मला म्हणाले, “काहीही अडलं तर विचार. पण मी आपणहून बोलणार नाही हं. दुसऱ्याच्या कोडात न विचारता नाक खुपसणारा म्हातारा मला व्हायचं नाही.”

हे त्यांचं पूर्वीपासूनचं वळण. विचारलंत तर तास तास समजावतील, नाही विचारलंत तर तुम्ही खड्ड्यात पडेपर्यंत गप्प. मी मान डोलावली आणि मनात ठरवून टाकलं, की या माणसाला आता कामाचा त्रास द्यायचा नाही.

आमच्या घरची शिकवणच तशी. आजारी माणसाला भेटायला जावं, फळं न्यावीत, हवापाण्याचं बोलावं, कामाचं अवाक्षर काढू नये. माझे बाबा शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांच्या ऑफिसचा एक माणूस फाइल घेऊन आला होता, काहीतरी विचारायला. आईने त्याला दारातूनच परत पाठवलं. बाबा आतून काही म्हणत होते, पण आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. आईचं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. मीसुद्धा.

मग मी आईच्या वरताण केलं. टीमला मेसेज टाकला, लॉरीला कामासाठी कुणीही फोन करू नका, त्याला विश्रांती घेऊ द्या. सगळ्यांनी ‘नो वरीज’ म्हटलं. त्यानंतर काकांना ऑफिसमधून कुणाचाच कामाचा फोन गेला नाही. दार मी माझ्या हातांनी लावलं.

रविवारी मात्र मी न चुकता जायचे. माझ्या घरून, ग्लेन वेव्हर्लीहून, क्रेगीबर्न म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसरं टोक, तासभर गाडी. डब्यात भाताची मऊ पेज न्यायचे, मेतकूट न्यायचे. त्यांच्या पत्नी फिलोमिनाकाकू दार उघडायच्या. काका पुढच्या खोलीत पलंगावर टेकून बसलेले असायचे, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला. शेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडा. सिनेमे बघत असतील, असं मला वाटायचं. डबा ठेवायला जागा नसायची, म्हणून मी लॅपटॉप मिटून खिडकीत ठेवायचे. मग आम्ही त्यांच्या लिंबाच्या झाडाबद्दल बोलायचो, इथल्या भाजीवाल्याबद्दल बोलायचो.

इकडे कोड उपसता उपसता मला एक विचित्र जागा सापडली. बंद पडलेला रेडिओ परत सुरू झाला, की काकांचा प्रोग्राम अकरा मिनिटं त्याच्याशी काहीच बोलत नसे. त्या ओळीवर त्यांनी इंग्रजी अक्षरांत मराठी टीप लिहून ठेवली होती. ‘थांब. त्याला उठू दे.’ बस, एवढंच. का थांबायचं, किती वेळ का, काही नाही.

मला हसू आलं. म्हटलं, काकांचा विनोद. तेव्हाचे सर्व्हर हळू असतील, म्हणून ठेवलं असेल. नव्या नियमाप्रमाणे यंत्र परत आलं, की लगेच त्याची पूर्ण तपासणी व्हायला हवी होती. मी ती ओळ काढून टाकली. टेस्ट सगळ्या पास झाल्या. अर्थात, टेस्टमध्ये खरा रेडिओ नव्हता, रेडिओचं सोंग घेतलेला प्रोग्राम होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा.

आणखी एक गोष्ट दिसली होती. अलार्मच्या मेल ज्यांना जातात त्या यादीत काकांचा खासगी मेल आयडी होता. नियमाने तो काढायला हवा होता. पण मला वाटलं, एवढ्यात नको, त्यांना तुटल्यासारखं वाटेल. म्हणून ठेवला आणि पुढे विसरून गेले.

वादळानंतर त्याच संध्याकाळी मी जुना प्रोग्राम परत लावला. पण डिसेंबर तोंडावर होता, आणि रेडिओ का गुदमरले हे कळल्याशिवाय नवा कोड चढवायची माझी हिंमत नव्हती. क्रेगने सरळ मार्ग सुचवला.

“रविवारी जातेसच ना? लॉरीला विचार. दोन मिनिटांचं काम आहे.”

“तो बोलण्याच्या अवस्थेत नाहीये,” मी म्हणाले.

क्रेगने मान हलवली आणि तो विषय बंद झाला. मी खोटं बोलले होते. काका व्यवस्थित बोलत होते. थकायचे, पण डोकं शाबूत होतं. मला फक्त मरणाच्या दारातल्या माणसाला रेडिओचं विचारायला जीभ रेटत नव्हती. लॉरीला मी विचारलं असतं. काकांना कसं विचारणार?

त्या रविवारी गेले. तीच इस्त्री, तोच लॅपटॉप. मी तो उचलून खिडकीत ठेवला आणि डबा उघडला.

“मंगळवारी तिकडे वादळ झालं म्हणे,” काका म्हणाले.

“हो का? आमच्याकडे नुसता वारा होता.”

“आपलं सगळं ठीक?”

“एकदम मस्त. तुम्ही कसलीच काळजी करू नका, काका. तुमच्याशिवायही सगळं नीट चाललंय.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग “बरं” म्हणाले आणि डोळे मिटले. पेज त्या दिवशी दोनच चमचे गेली. मला वाटलं, दमले असतील. गाडीत बसताना तर मला चक्क समाधान वाटत होतं, की आपण त्यांना चिंतेत टाकलं नाही.

पुढचे तीन आठवडे मी रेडिओच्या मागे लागले. स्टोअरमधून त्याच मॉडेलचा जुना रेडिओ शोधला. तो ऑफिसातल्या तपासणीच्या बेंचवर लावला तर बिघडेचना. मग कळलं, त्याच्यातलं सॉफ्टवेअर नवीन आहे. टेकडीवरच्या आवृत्तीची फाइल मिळवण्यात आणखी एक आठवडा गेला. अखेर एका गुरुवारी तो माझ्या डोळ्यांसमोर गुदमरला. वीज आल्यावर हा रेडिओ आपल्या आतल्या याद्या नव्याने बांधतो, त्याला नऊ-दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात बाहेरून कुणी प्रश्नांचा भडिमार केला, तर तो जागच्या जागी अडकतो. हाताने बंद-चालू केल्याशिवाय सुटत नाही. म्हणून अकरा मिनिटं. थांब, त्याला उठू दे. यात विनोद नव्हता, अक्षरशः सूचना होती.

त्यानंतरच्या शनिवारी काका गेले. खरं सांगते, जगले असते तरी रविवारी मी त्यांना हे सांगितलं नसतं. लिंबाच्या झाडाबद्दलच बोलले असते.

चर्चमधली प्रार्थना झाली, दफन झालं, लोक पांगले. मी काकूंबरोबर त्यांच्या घरी थांबले. पुढच्या खोलीतला पलंग अजून तसाच होता. टेबलावरचा लॅपटॉप काकूंनी उचलला आणि त्याची वायर गुंडाळत त्या बोलू लागल्या. आवाजात तक्रार अजिबात नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

“दर रविवारी सकाळी मला सांगायचे, लॅपटॉप चार्जिंगला लाव, आज शुभांगी विचारेल. दाढी करायचे. औषधाने झोप येते म्हणून दुपारची गोळीसुद्धा तू जाईपर्यंत घ्यायचे नाहीत.”

मी पलंगाच्या कडेवर टेकले.

“ते वादळ झालं ना, तेव्हा ह्यांना मेल आली. उठून बसले एकदम. कितीतरी दिवसांनी चेहऱ्यावर रंग आला होता. म्हणाले, पोरीने ती ओळ काढलेली दिसते, आता रविवारी नक्की विचारेल.”

“आणि मी गेल्यावर?” मी कसंबसं विचारलं.

“गेल्यावर म्हणाले, तिचं चाललंय. मला म्हणाले, आता चार्जिंगला लावत जाऊ नकोस.” काकूंनी लॅपटॉप पिशवीत ठेवला. “मी लावायचे तरी. म्हटलं, कोण जाणे.”

म्हणजे मी समोर बसून धडधडीत खोटं बोलत होते, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. कारणही माहीत होतं, उपायही. एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं. पण न विचारता बोलायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं आणि आजारी माणसाला विचारायचं नाही, हे माझं. आम्ही दोघं एकमेकांचा मान राखत बसलो आणि मी त्यांना गरज संपलेला माणूस म्हणून मरू दिलं. याला मी दुसरं काही नाव देऊ शकत नाही. त्या दिवशी मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन खूप रडले. बाबा तेव्हा आतून काय म्हणत होते, तेही आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

डिसेंबरात नवा प्रोग्राम वेळेवर सुरू झाला. अकरा मिनिटांची ओळ परत घातली. काकांची टीप तशीच ठेवून खाली मी इंग्रजीत सविस्तर कारण लिहिलं. जानेवारीत, इथल्या कडक उन्हाळ्यात, दोनदा वीज गेली, चारही रेडिओ आपापले उठले. क्रेग म्हणाला, गुड जॉब. यादीतला तो खासगी मेल आयडीही मी स्वतःच काढला. नियमच आहे तसा.

एवढं मात्र झालं, की त्या घरातून निघाले तेव्हाच मी कानाला खडा लावला. आजारी माणसांना भेटायला अजूनही जाते. फळं नेते, पेज नेते. आणि एक प्रश्न नेते, खरा, ज्याचं उत्तर मला येत नसतं. डबा ठेवायच्या आधी टेबलावर काय ठेवलंय, तेही बघून घेते.