ताटाची डावी बाजू

सांगलीच्या आई जावयाशी थेट बोलत नसत. हॅनोव्हरला लेकीकडे राहायला आल्या, तरी हा रिवाज त्यांनी सोडला नाही. मी शेजारी, रविवारी जेवायला त्यांच्याकडेच असे. जावईबापू समोर बसलेले असत आणि आई नातीला म्हणत, "सई, बाबांना सांग, पानाची डावी बाजू रिकामी आहे." बाबा मराठीच असले, तरी सई तो निरोप शाळेतल्या जर्मनमधून पोचवी आणि वर "गेनाऊ!" म्हणजे ‘अगदी बरोबर’ असा शिक्का मारी.

डाव्या बाजूचे त्यांचे शास्त्र होते. आपण कोशिंबीर चटणीएवढी वाढतो, ही त्यांच्या मते मूळ चूक. "ही कोशिंबीर नव्हे, कोशिंबिरीची आठवण," असे म्हणून त्या आणखी पळीभर काकडी वाढत. बाजारातून नवलकोल पाल्यासकट मागून आणत. गड्डा किसायचा, पाला परतायचा. फळ चावून खायचे, रस काढून नव्हे. प्रत्येक नियमामागचे कारण त्या सावकाश समजावून देत.

मनातून मात्र त्यांना घाई होती. जावईबापूंची साखर वाढत चालली होती. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीपर्यंत मुदत दिली होती, त्यानंतर इन्सुलिन. आईंचा व्हिसा त्याआधीच संपणार होता. आणि जावईबापू दमून घरी येत, पाव-चीज खात, डावी बाजू जशीच्या तशी ठेवून उठत.

एका रविवारी सईने निरोप पोचवताच जावईबापूंनी ताट पुढे सरकवले. "आई, मी लहान मूल नाही. माझ्या ताटात काय हवं, ते मी बघेन."

लेकीच्या हातातला डाव तसाच राहिला. सईने मान खाली घातली.

आई प्रथमच त्यांच्याकडे वळल्या. "अहो, तुमच्या सासऱ्यांनाही मी कधी टोकलं नाही. मान राखला. साखरेपायी आधी त्यांचा पाय कापावा लागला, मग ते गेले. आता तुमचाही मान राखू?"

जावईबापूंनी ताट पुन्हा ओढून घेतले. ते रागाने खात होते. पण काकडी खात होते.

विमानतळावर जावईबापूंनी वाकून नमस्कार केला, तेव्हाही आईंच्या चेहऱ्यावरची काळजी ओसरली नव्हती. रिपोर्ट त्या गेल्यावर आला. एरवी सांगलीला फोन लेक करी. त्या संध्याकाळी जावईबापूंनी माझ्यासमोर स्वतः लावला.

"आई, साखर थोडी उतरलीय. सध्या इन्सुलिन नको म्हणाले."

"थोडी म्हणजे अजून जास्तच," पलीकडून आवाज आला. "आज काय चिरलंत?"

"गाजर."

"आणि?"

जावईबापूंनी फोन कानाशी धरूनच फ्रिज उघडला.